अठरा इंच-पौंडांचे सातेरीआप्पा

सातेरीआप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची उलटी करत. यजमान ‘बसा, बसा’ म्हणत असायचा आणि आप्पा खुर्चीचे चारी पाय आढ्याकडे करून एकेका स्क्रूवर अंगठा फिरवत असायचे. एखादा ढिला सापडला तर शर्टाच्या खिशातून बोटभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर निघायचा. पण एखादा गच्च पिळलेला सापडला की मग खरा त्यांचा चेहरा पडायचा. “मारलाय की ह्याला,” असं हळू आवाजात म्हणून ते त्या स्क्रूला पाव आटा सैल करत, खुर्ची सरळ करत, आणि मगच बसत. आमच्या लग्नात आलेल्या चार खुर्च्या आजही कुरकुरत नाहीत, त्याचं श्रेय सुताराला नाही.

बेळगावजवळच्या अनगोळात आमचं घर त्यांच्या घराला लागून. मी शहापुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून मी ‘मास्तर’. आप्पा पलटणीत आर्मोरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे. मूळचे खानापूरकडच्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातले. पंच्याहत्तर सालाच्या आसपास पेन्शन घेऊन आले आणि इथंच घर बांधलं. एकुलती मुलगी लोंढ्याला दिलेली. घरात ते आणि आक्का, म्हणजे त्यांची बायको, दोघंच.

सगळ्या पंचक्रोशीत त्यांचा एक प्रश्न प्रसिद्ध होता: “घट्ट म्हंजे किती?”

सायकलच्या दुकानात कुणी म्हणालं, “चाक जरा घट्ट कर रं,” की बाकड्यावर बसलेले आप्पा मान वर करत. “घट्ट म्हंजे किती?” दुकानदार सांगायचा, “फुल्ल टाईट.” आप्पा म्हणायचे, “फुल्ल टाईट हा आकडा न्हाय. फुल्ल टाईटच्या फुडं काय असतंय ठावं हाय? तुटलेलं असतंय.” दाताच्या डॉक्टरांनी एकदा त्यांच्या दातांत कापसाचा बोळा ठेवून “दाबून धरा” असं सांगितलं. आप्पांनी बोळा बाहेर काढला आणि विचारलं, “दाबून म्हंजे किती?” डॉक्टरांनी तीस वर्षांच्या व्यवसायात हा प्रश्न ऐकला नव्हता. ते बराच वेळ विचार करत राहिले म्हणतात.

आमच्या गल्लीतला नळ दर महिन्याला गळायचा. आप्पा तीन दिवस सकाळी नळापाशी स्टूल टाकून बसले आणि पाणी भरायला येणाऱ्या प्रत्येकाला तोटी बंद करायला शिकवली. “पाणी थांबलं, की हात थांबला पायजे. पाणी थांबल्यावर तुम्ही नळाला पिळता, त्यो तुमचा घरातला राग हाय.” बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नळ मात्र त्यानंतर वर्षभर गळला नाही.

माणूस विक्षिप्त होता, पण त्यांचं बरोबर निघायचं. ही त्यांच्याबद्दलची सगळ्यात अडचणीची गोष्ट होती.

आमचा एक छोटा रायफल क्लब होता. आठ-दहा सभासद, टेकडीच्या पायथ्याला पन्नास मीटरची रेंज, आणि पॉइंट टू-टूच्या तीन रायफली. अध्यक्ष होते निपाणीचे देसाई. तंबाखूचे व्यापारी, उंचेपुरे, दिलदार. त्यांच्या मेहुण्याने परदेशातून रायफलीवर बसवायची एक दुर्बीण आणली आणि देसाईंनी ती क्लबाला दिली. हुबळीला दोन महिन्यांनी सामने होते. त्यात दुर्बीण लावून, पालथं झोपून नेम धरायचा एक प्रकार होता, आणि त्यासाठी क्लबाने माझं नाव दिलं होतं.

दुर्बीण देसाईंनी स्वतः बसवली. दोन पोलादी कड्यांत नळी ठेवायची आणि कड्यांचे स्क्रू आवळायचे, एवढंच काम. देसाईंनी ते मन लावून केलं, आणि त्यांचं मनगट तंबाखूचे बोद हलवून तयार झालेलं. मी रेंजवर पहिल्या पाच गोळ्या झाडल्या. एक लागली घड्याळातल्या दोनवर, एक सातवर, एक लाकडी चौकटीवर, आणि दोन कुठं गेल्या ते कळलंच नाही. आठवडाभर हेच. वाऱ्याला दोष देऊन झाला, काडतुसांना देऊन झाला, शेवटी माझ्या श्वासाला दिला. मी घरी बसून श्वास रोखण्याचा सराव करू लागलो. बायकोला वाटलं मला काहीतरी झालंय.

शेवटी आप्पांना बोलावलं. त्यांनी कडी सोडली, नळी उन्हात धरली आणि मला जवळ बोलावलं. काळ्या नळीवर दोन्ही ठिकाणी बारीक वळ उठला होता.

“देसाईसाहेब,” आप्पा म्हणाले, “हिचा गळा दाबलाय तुम्ही.”

“ढिली राहिली तर हलेल, म्हणून आवळली,” देसाई ओशाळून म्हणाले.

“बराबर हाय. ढिली ऱ्हायली तर हलणार, लई आवळली तर आतली भिंगं अवघडणार. मधला आकडा लागतोय. ह्या कड्याला अठरा इंच-पौंड, ह्यो आवळायच्या जोराचा आकडा. नशीब, भिंगं शाबूत हायत.”

“मग तुम्ही आवळा की. तुमच्या हाताला अंदाज आहे.”

आप्पांनी आपल्या पंजाकडे पाहिलं. “ह्यो हात सकाळी एक असतोय, जेवून उठल्यावर एक. भांडण झालं की तिसराच. चार स्क्रू हायत. चारी सारखे पायजेत. त्याला मापाचा स्क्रू-ड्रायव्हर लागतोय. ठरलेल्या आकड्याला आला की आपसूक घसरणारा.”

असला स्क्रू-ड्रायव्हर आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. पण उद्यमबागेत एका कारखान्यात हिरेमठ नावाचे टूलरूमचे फोरमन माझ्या ओळखीचे होते. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आप्पा आणि मी सायकली मारत तिकडे गेलो. आप्पांच्या पिशवीत काहीतरी जड होतं, आणि हँडलला एक लांब पट्टी बांधलेली होती.

हिरेमठांनी टेबलावर तीन मापाचे स्क्रू-ड्रायव्हर मांडले. पहिला नवाकोरा, चकचकीत, मूठभर जाडीचा. दुसरा पेन्सिलीएवढा. तिसऱ्याच्या मुठीचा रंग उडालेला.

“हा घेऊन जा,” हिरेमठ पहिल्यावर हात ठेवून म्हणाले. “आमचा सगळ्यात भारी. एकशेवीसपर्यंत जातो.”

“एकशेवीसपर्यंत जातोय, म्हणूनच नको,” आप्पा म्हणाले. “आमचं काम अठराचं. गुळाच्या ढेपा तोलायच्या काट्यावर जिरं मोजायला गेलो तर काय व्हईल?” दुसरा त्यांनी उचलला, त्याचे आकडे दहावर संपत होते, म्हणून ठेवून दिला. तिसरा पाच ते चाळीसपर्यंतचा होता. तो हातात घेऊन त्यांनी त्याचा आकडा मागेपुढे फिरवून पाहिला. “ह्यात अठरा मधी पडतोय. काटा असू दे न्हायतर स्प्रिंग, मधल्या जागेवर खरं बोलतोय.”

“मग घ्या की हा.”

“घेतो. आधी बोलू दे त्याला.”

पिशवीतून जुन्या काळची लहानमोठी वजनं निघाली, सगळी मिळून दोन रतल, म्हणजे दोन पौंड. हँडलची पट्टी अठरा इंचांची होती, बरोबर मध्ये भोक पाडून त्यात स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बसेल अशी खाच केलेली. दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे पट्टीचं स्वतःचं वजन मोजणीत येणार नाही. आप्पांनी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ शेगड्यात, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, आडवी पकडली, टोकावर पट्टी चढवली आणि एका बाजूला, मध्यापासून नऊ इंचांवर, दोन रतल टांगले.

“नऊ दुणे?” त्यांनी मला विचारलं.

“अठरा,” भूगोलाच्या मास्तराने सांगितलं.

आकडा अठरावर लावला होता. वजन अलगद सोडताच आत टक् झालं आणि पट्टी खाली घसरली. आप्पांनी त्यातलं सगळ्यात लहान वजन काढून घेतलं. पट्टी घसरली नाही. पुन्हा चढवलं, घसरली. हे त्यांनी वीस वेळा केलं. मग हिरेमठांच्या आग्रहाखातर चकचकीत स्क्रू-ड्रायव्हरही लावून पाहिला. तो एकदा घसरला, एकदा घसरला नाही, तिसऱ्यांदा वजन टांगायच्या आधीच पट्टीवर नुसता हात लागल्याने घसरला.

हिरेमठांचा चेहरा उतरला. कारखान्यात बारीकसारीक कामालाही तोच वापरत होते.

“बिगि अंद्र एष्टु?” आप्पांनी त्यांना कानडीत विचारलं. घट्ट म्हणजे किती. पण चिडवायला नाही, अगदी मायेने. हिरेमठांनी तिसरा स्क्रू-ड्रायव्हर क्लबाला देऊन टाकला, आणि कारखान्यातले बाकीचे सगळे आप्पांकडून तपासून घेतले. आम्हाला घरी यायला दिवे लागले.

दुर्बीण बसवायला आप्पांनी एक अख्खा रविवार घेतला. स्क्रूंवरचं तेल चिंधीने पुसून काढलं. “तेल ऱ्हायलं तर अठराला बी जास्ती आवळतंय.” स्क्रू-ड्रायव्हरचं पातं खाचेत बरोबर बसेपर्यंत घासलं. मग एकदा या बाजूला पाव आटा, एकदा त्या बाजूला, कड्याची फट दोन्हीकडे सारखी आहे का ते पोस्टकार्डाचा तुकडा घालून बघत बघत. चार वेळा टक् वाजलं. शेवटी त्यांनी आकडा उतरवून स्प्रिंग मोकळी केली आणि स्क्रू-ड्रायव्हर फडक्यात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी माझ्या पाच गोळ्यांची भोकं रुपयाच्या नाण्याने झाकली. देसाईंनी ते नाणं परत खिशात घातलंच नाही, कागदासकट क्लबात चिकटवून ठेवलं. हुबळीत आमचा दुसरा नंबर आला. देसाईंनी आप्पांना हार घातला. आप्पांनी तो चाचपला आणि म्हणाले, “दोरा लई वढलाय, फुलं गुदमरल्यात.”

त्यानंतर स्क्रू-ड्रायव्हर क्लबाच्या कपाटात असायचा, पण रविवारी आप्पा तो घरी न्यायचे आणि सोमवारी आणून ठेवायचे. कशाला, ते कुणी विचारलं नाही. घरातल्या खुर्च्या तपासत असतील, असं आम्ही हसून म्हणायचो.

एका रविवारी दुपारी दुसऱ्या रायफलीचा एक स्क्रू ढिला झाला, म्हणून मी स्क्रू-ड्रायव्हर मागायला त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. आक्का स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना संधिवात होता हे मला माहीत होतं, पण त्यांची बोटं इतकी वाकडी झालेली मी पाहिली नव्हती. समोर ओट्याला एक लाकडी ठोकळा पक्का केला होता, त्यात एक स्क्रू. आप्पा पाठमोरे उभे होते. मी उंबऱ्यातच थांबलो, कारण त्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता आणि ते अंगठ्याने त्याचा आकडा फिरवत होते. मग त्यांनी तो आक्कांच्या हातात दिला.

आक्कांनी दोन्ही हातांनी मूठ धरली, ओठ आवळले आणि फिरवली. टक्.

“नऊ,” आप्पा म्हणाले. “मागल्या खेपंगत. काय बी उतरलं न्हाय.”

मला पाहून ते जरा दचकले, मग म्हणाले, “या मास्तर. हिचा हात मोजतोय. जेवढा हिचा हात, तेवढंच घरातलं सगळं आवळायचं. डब्याची झाकणं, नळ, स्टोव्हची चावी. कुणाला हाक मारायला नको.” आणि फडताळातल्या दोन बरण्या उचलून ते परसात गेले.

आक्कांनी पदराने हात पुसले. “बसा की मास्तर.” मग परसाकडे एकदा बघून हळूच म्हणाल्या, “नऊ न्हाय ते. पाच हाय. ह्यास्नी वाटतंय मला त्याच्यावरचा आकडा दिसत न्हाय. जवळचं मला चष्म्याबिगर दिसतंय.”

मी पाट ओढून बसलो.

“दिवाळीत नऊ होतं. मग आठ, मग सहा. दर बारीला ह्येनी नऊच सांगत्यात.” त्या स्क्रूकडे बघत राहिल्या. “पाचाच्या खाली त्याच्यावर आकडा न्हाय. फुडल्या म्हैन्यात काय करत्यात काय की.”

“तुम्ही त्यांना सांगत का नाही?”

“सांगून? मोजायचं बंद करतील. मग रविवारी करतील काय?”

आप्पा परसातून आले. दोन्ही बरण्या त्यांनी आक्कांपुढे ठेवल्या. आक्कांनी त्यातली एक मांडीवर घेतली, तळहाताने झाकण फिरवलं. ते इतकं हलकं लावलेलं होतं की वाऱ्यानेही फिरलं असतं. त्यांनी बशीत माझ्यासाठी करदंटाच्या, गूळ-सुक्यामेव्याच्या, दोन वड्या काढल्या.

“आज सोपं गेलं बगा,” त्या आप्पांना म्हणाल्या.

“जाणारच की,” आप्पा म्हणाले. “नऊ म्हंजे काय थोडं हाय?”

मी वड्या खाल्ल्या, पाणी प्यालो आणि उठलो. कशाला आलो होतो, ते आप्पांनी दारापर्यंत येऊन विचारलं. सहज आलो होतो, असं मी सांगितलं. रायफलीचा स्क्रू त्या रविवारी तसाच राहिला.