फोटोतला पाय

आमच्या शेजारचा विलास गजभिये भाजी आणायला जातो तेव्हाही मधूनच उलटा चालतो. थोडा सरळ जातो, मग गर्रकन वळून मागे मागे सरकतो, की पुन्हा सरळ. एकदा असाच सरकत सरकत तो कोथिंबिरीच्या ढिगात जाऊन बसला. भाजीवाली हिंदीत जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी म्हटलं, "अरे, सरळ चाल की!" तर अंग झाडत म्हणाला, "मागून कोन येऊन राह्यलं ते पाहा लागते, मावशी. जो दिसत नाही ना, तोच गोल मारते."

विलास पेशानं फुटबॉलपटू. त्यातही बचावपटू. म्हणजे गोल दुसऱ्यांनी मारायचे आणि यानं ते मारू द्यायचे नाहीत. कधी पंजाबातला क्लब, कधी मणिपूरचा, मग केरळ, मग गोवा. करार एका हंगामाचा. हंगाम संपला की बॅग उचलून घरी, इथे बालाघाटला, आणि नवा फोन आला की गोंदियाहून गाडी. बायको सुषमा इथल्या दवाखान्यात नर्स. ती म्हणते, "लग्न झालं तवापासून ह्यायचा सत्कारच करून राह्यली मी, पाहुण्यासारखा."

पेपरात त्याचा फोटो बरेचदा आलाय, पण कसा? गोल मारणारा हवेत उडालेला, आणि मागे गवतावर कोणाचातरी पाय. विलासची आई ती कात्रणं पाहुण्यांना अभिमानानं दाखवते. "हा पाय आमच्या विलासचा."

माणूस कमालीचा धास्तावलेला. सगळं सुरळीत असलं की त्याला जास्त घाम फुटतो. "लय शांत हाये मावशी, गडबड हाये," हे त्याचं पालुपद. लालबर्ऱ्याला नात्यात लग्न होतं, तर जेवायचं सोडून हा मांडवाचे खांब हलवून बघत होता. वरमाय घाबरली. खांब पक्के निघाले तरी अक्षता पडेपर्यंत हा तिथेच एक खांब धरून उभा.

यंदा मात्र त्याच्या काळजीनं सगळ्या मोहल्ल्याला ग्रासलं. पावसाळा अर्ध्यावर आला तरी विलास घरीच. फोन हातातून सुटेना. संध्याकाळी तो अंगणात येरझारा घालत कोणाशीतरी मोठमोठ्यानं बोले, मग पायरीवर डोकं धरून बसे. पस्तिशीला टेकलेला खेळाडू, आता कोण बोलावणार? आम्ही सगळे जपून वागायचो. त्याच्यासमोर टीव्हीवर मॅच लावायची नाही, 'कधी निघणार' विचारायचं नाही.

एका दुपारी सुषमा माझ्याकडे आली ती रडवेलीच. "मावशी, ह्यायले दोन क्लबचे फोन आलते. दोन्हीले नाही म्हनलं ह्यायनं. काहून, तर सांगत नाही. तुमीच विचारा."

मी त्याला चहाला बोलावलं. त्यानं चहा बशीत ओतला, पुन्हा कपात ओतला. मग बोलला.

गेल्या हंगामातल्या शेवटच्या मॅचमध्ये समोर शिबू नावाचा केरळचा नवा पोरगा होता. वाऱ्यासारखा पळणारा. विलासनं घसरून त्याच्या पायातला बॉल काढला. "बॉलच भेटला मले, मावशी. फाऊल बी नाही. रेफ्रीनं शिट्टी बी नाही मारली. पन आवाज आला." शिबूची नडगी मोडली होती.

"मग आता?"

"आता रोज फोन करतो. तो जादा बोलत नाही. त्याची अम्मा उचलते. तिले हिंदी येत नाही, मले मल्याळम." एकदा अम्मा म्हणाली, 'काल ओके, काल ओके.' हा हादरला. काल ओके होतं, मग आज काय झालं? रात्रभर झोपला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, 'काल ओके.' आठवडाभर याचा जीव टांगणीला. शेवटी एका जुन्या जोडीदाराला विचारलं तेव्हा कळलं, काल म्हणजे मल्याळममध्ये पाय.

मला हसू आवरेना. तोही हसला, पण अर्धवट.

"आणि क्लबला नाही का म्हणालास?"

"जमतच नाही मावशी. गोंदियात सरावाले गेलतो. समोरून पोरगा बॉल घेऊन आला का माह्या पायात जीवच राहात नाही. तो शिबू पयले उभा राहू दे. मंग पाहू."

सुषमाला मी सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी अम्माशी फोनवर तीच बोलली. कोणत्या भाषेत ते देव जाणे, पण चांगलं अर्धा तास.

पाऊस ओसरला. एका रविवारी दुपारी विलास माझ्या दारात. सुषमाची ड्यूटी होती. "मावशी, शिबू खेळून राह्यला आज. फोनवर दाखवतेत. मले एकट्यानं पाहावत नाही."

कुठलीशी लहान मॅच. चित्र अस्पष्ट, सगळे मुंगीएवढे. पण विलासनं शिबूला लगेच ओळखलं. शिबूकडे बॉल आला की हा खुर्चीतून उठे. समोरचा बचावपटू धावून आला की ओरडे, "अबे सोड त्याले! जाऊ दे! मार म्हना गोल!" जन्मभर ज्यांना अडवलं त्यांच्यासाठी हा माणूस गयावया करत होता.

आणि मग एकानं घसरून शिबूला पाडलंच. विलासनं माझं मनगट धरलं. मुंगीएवढा शिबू गवतावर बसला, उठला, गुडघे झाडले आणि धावत सुटला.

विलास खाली बसला. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसून म्हणाला, "आता कोनालेबी हौ म्हनता येते मले."

मी हळूच विचारलं, "पण क्लबच्या जागा भरल्या असतील ना रे?"

"हौ. कवाच्याच भरल्या," तो म्हणाला, आणि मलाही नीट दिसावं म्हणून त्यानं फोन माझ्या बाजूला थोडा वळवला.