ऐसपैस मदरबोर्ड

गौतमीनं खोकं उघडलं, आत पाहिलं आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं सांगितलेला कंप्युटरचा मदरबोर्ड वीतभर लांबीचा होता. खोक्यातून निघाला तो पोळपाटापेक्षा मोठा.

"हा कुणी आणला?" तिनं विचारलं. दुकानात गेले होते दोघंच, नवरा निरंजन आणि सासरे हैबतराव. निरंजनला एकाएकी मोटारसायकलची चेन सैल झाल्याचं आठवलं आणि तो अंगणात गेला.

"मी आणलाय," हैबतराव म्हणाले. "तू सांगितलेला बगितला मी. लई बारका. पाय ठिवायला जागा न्हाई त्यात. ह्यो बग तेवढ्याच पैशात केवढा ऐसपैस हाय! रस्ते बग कसे सरळ. आन् ह्या एवढ्या मोकळ्या जागा. उद्या वाढवायचं झालं तर अडचन न्हाई."

घोटावड्यात हैबतरावांनी जन्मभर एकच गोष्ट मन लावून केली होती, ती म्हणजे जागा. थोडी विकली, घराजवळच्या जागेवर कंपनीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या काढल्या, मग पुढं पडवी, मागं मोरी, वर पत्रा. कमी जागेत अडकायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. जमिनीला ते लागू असेलही, पण मदरबोर्डानं त्यांचं काय घोडं मारलं होतं?

आणि वेळ तरी कसली साधली! पुण्याच्या साधना मॅडम घरांचे नकाशे काढायचं काम गौतमीला घरबसल्या देणार होत्या. सोमवारी दहाला तिनं स्वतःच्या कंप्युटरवर बसायचं, नाहीतर काम दुसऱ्या कुणाला जाणार. तयार कंप्युटर परवडत नव्हता. म्हणून तिनं एकेक भाग स्वतःच्या पैशांनी जमवला होता, आणि आधी घेतलेल्या प्रोसेसरला व कॅबिनेटला चालेल असा स्वस्तातला बोर्ड शोधून शोधून डोळे फोडून घेतले होते. घरात मात्र या सगळ्याला 'गौतमीचं ते खेळणं' म्हणत.

"मामा, हा कॅबिनेटमध्ये मावणार नाही."

"क्याबिनेट म्हंजी?"

"हा डबा. यात सगळं बसवायचं असतं."

"मंग डबा वाढवू. त्यात काय एवढं!"

सासरे रागानं बोलले असं तिला वाटलं. पण हैबतराव अगदी शांतपणे, मनापासून बोलले होते. रविवारी सकाळी ती भाकऱ्या थापत असताना अंगणातून ग्रायंडरची किरकिर ऐकू आली. ती पिठाच्या हातांनी बाहेर धावली. खोल्यांचे पत्रे ठोकणारा कैलास चष्मा लावून बसला होता. कॅबिनेटची एक बाजू त्यानं कापून काढली होती आणि तिथं तो चार बोटं रुंदीचा पत्रा जोडत होता. डब्याला पडवी!

पण उद्या सोमवार होता. गौतमीनं राग गिळला, पत्रा थंड होऊ दिला, आतला कीस झटकला आणि बोर्ड ठेवून पाहिला. बसला. हैबतरावांनी विजयी मुद्रेनं निरंजनकडं पाहिलं. मग तिनं प्रोसेसर हातात घेतला आणि बोर्डावरच्या त्याच्या चौकोनी जागेवर नुसता धरून पाहिला. बोर्ड जुन्या पद्धतीचा होता. प्रोसेसर त्यात बसणं शक्यच नव्हतं.

"बसत न्हाई व्हय?" हैबतरावांनी विचारलं. "वाईच घासून बगायचा का?"

कैलासनं ग्रायंडर उचलला.

"खबरदार!" गौतमी अशी ओरडली की खोल्यांतले भाडेकरू दात घासता घासता बाहेर आले. "मामा, ही खोली नाही पत्रा टाकून वाढवायला! मला मोठं नको होतं, माझं मी निवडलेलं पाहिजे होतं. उद्यापासून मी कामावर जाणार आहे. घरात बसून असलं तरी ते काम आहे! तुम्हाला ते दिसत कसं नाही?"

या घरात सुनेचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. हैबतरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"बारकं घिऊन तू फसशील असं वाटलं," ते पुटपुटले. "त्यो दुकानदारबी म्हनला, मोठाच घ्या."

"काय म्हणाला तो?"

"तू धाडलेला मेसेज त्यानं माझ्या फोनवर वाचला की," निरंजन चेनकडं बघत म्हणाला. "म्हनला, ह्यो बारका ऱ्हाऊ द्या, काकांना आवडलाय त्योच देतो."

गौतमीच्या रागाला अखेर योग्य पत्ता मिळाला. अर्ध्या तासात तिघं पिरंगुटच्या दुकानात होती.

"विकलेला माल परत घेत नाही, मॅडम," दुकानदार दयानंद म्हणाला. "पाटी लावलीय."

"पाटी राहू द्या. माझा मेसेज वाचा. मोठ्यानं. प्रोसेसरचं नाव लिहिलंय?"

"लिहिलंय."

"हा बोर्ड त्याला चालतो?"

"तसा... चालत नाही."

"मग माहीत असून दिलात?"

"काकांना पसंत पडला."

"नकाशे काका काढणार आहेत?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. दयानंद काही ऐकेना, तेव्हा गौतमीनं खुर्ची ओढली आणि दारातच ठाण मांडलं. येणाऱ्या प्रत्येकाला ती अदबीनं विचारू लागली, "तुम्हाला पाहिजे ते घ्यायला आलात, की यांच्याकडं पडून राहिलंय ते?" दोन गिऱ्हाइकं बाहेरूनच परतली, तिसऱ्यानं फोन काढून चित्रण सुरू केलं. दयानंदनं निमूट लहान बोर्ड काढून दिला. हैबतराव सगळा वेळ हातात हेल्मेट धरून उभे होते.

सोमवारी दहाला गौतमी पडवीवाल्या कंप्युटरपुढं बसली आणि तिनं दार लावून घेतलं. बाहेर हैबतरावांनी फोन लावला तो चुलतभाऊ भिवाजीला. भिवाजीनं यंदा नांगरताना दोघांच्या शेतांमधला बांध हातभर कोरला होता, आणि हैबतरावांनी कितीही आवाज चढवला तरी तो दाद देत नव्हता. पिरंगुटची हकीकत मात्र त्याच्यापर्यंत कालच पोचली होती.

"भिवा, मी काय भांडायला येत न्हाई," हैबतराव हळू आवाजात म्हणाले. "सुनंला घिऊन येतोय."

पलीकडून काहीतरी घाईघाईनं विचारलं गेलं.

हैबतरावांनी बंद दाराकडं पाहिलं.

"आत्ता कशी येईल? कामावर हाय ती. सहाला सुटतीया. त्येच्या आत काय मिटवायचं ते मिटव."