काचपेटीतली मरळ

मोतीलाल पाटलांनी सुरतेहून काचेची पेटी आणून देवघराच्या भिंतीला लागून मांडली, त्या दिवसापासून जसोदाबाई नवऱ्याशी धड बोलल्या नाहीत. माळकरी गुजर घर, आणि त्यात मासे.

"पाहासाठे शेतस, खावासाठे नहीत," मोतीलाल म्हणाले.

तापीवर जाळं टाकणाऱ्या वाहरूला त्यांनी जिवंत मासे आणायला सांगितलं. त्याने मडक्यातून काळ्या ठिपक्याचे बारा इवले मासे आणले. मोठाही एक हवा, असा मोतीलालांचा हट्ट होता, म्हणून दुसऱ्या मडक्यात वीतभर मरळ.

"मालक, हाई मरळ न्यारी ठेवा," वाहरू म्हणाला. "आनि बारकासले चार दिन मडकामाच ऱ्हाऊ द्या. तुम्हनं पानी थोडं थोडं टाका, मंग सोडा."

"मले शिकाडू नको," म्हणत मोतीलालांनी दोन्ही मडकी पेटीत उपडी केली.

दुसऱ्या दिवशी ठिपक्याचे नऊच दिसले, तिसऱ्या दिवशी सहा. मेलेला मासा तरंगतो. हे नाहीसेच होत होते. मोतीलालांचं डोकं फिरलं. मरळ तेवढी कोपऱ्यात शांत पडून असे, तिच्यावर त्यांचा भारी जीव. मग चोर घरातलाच. त्यांनी जसोदाबाईंना विचारलं, मासे कुठे फेकले.

"मी आजवर मासाले हात लायेल नही," जसोदाबाई म्हणाल्या. "आनि मले चोट्टी म्हनतस?"

तेवढ्यावर न थांबता मोतीलाल नदीवर गेले. पाण्यात विरघळणारे अर्धमेले मासे दिलेस म्हणून त्यांनी वाहरूला चार माणसांत झापलं आणि आपल्या शेताखालच्या डोहात जाळं टाकायला बंदी केली. त्याचं पोट त्याच डोहावर होतं. वाहरू जाळं खांद्यावर टाकून निघून गेला.

आळ आलेल्या जसोदाबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. दुपारचं जेवण झाकून त्या पेटीसमोर पाट टाकून बसल्या. दोन दिवस बसल्या; रात्रीतून आणखी एक गेला, पाच उरले. तिसऱ्या दुपारी मरळ हलली, तोंड उघडलं आणि एक ठिपका आत गेला. जसोदाबाईंनी मोतीलालांना हाक मारली. त्यांच्यासमोरच दुसराही गेला.

मोतीलालांनी उरलेले मोजले, तीनच. मग पागोटं बांधून ते वाहरूच्या झोपडीकडे गेले.

"मन्हं चुकनं," ते कसंबसं म्हणाले. "डोह तुन्हाच शे. ती मरळ ली जाय."

वाहरू आला तो अजून धुमसतच. मोतीलालांकडे न बघता त्याने पेटीत हात घातला.

"थांब," जसोदाबाई म्हणाल्या. "पहिले त्या तीन बारक्या मासोळ्या काढ. डावीकडली घाबरट शे, ती दगडमागे लपस. नदीनंच पानी आन, इहिरनं नको."

आणि त्यांनी स्वयंपाकघरातून स्वतःचं पिण्याच्या पाण्याचं तांब्याचं पातेलं आणून वाहरूपुढे ठेवलं.

"तांबामा मासा मरी जाईन, बाई," वाहरू म्हणाला.

"मंग मातीनं मडकं आनस." त्या आत वळल्या. मोतीलाल मधे उभे होते.

"तुम्ही बाजूले सरा," जसोदाबाई म्हणाल्या. आठ दिवसांत त्या नवऱ्याशी पहिल्यांदाच शांतपणे बोलल्या होत्या.