बाबांची गाडी आणि बाबांचा राग

"माझा राग? वडिलोपार्जित आहे!" असं तो छाती फुगवून सांगायचा. गल्लीत त्याला सगळे 'कुकर' म्हणत, अर्थात त्याच्या पाठीमागे. लहानपणी त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं ना! बाबा गाडीतून उतरायचे ते लालबुंद होऊन, शर्टाची बटणं उघडी, तोंडातून शब्द नाही. घरातले मुकाट बाजूला व्हायचे. याला म्हणतात दरारा!

बाबा सुतार होते. कपाटं मावावीत म्हणून त्यांनी आपल्या स्टेशन वॅगनचा मागचा भाग स्वतः हातभर वाढवला होता, बाजूंना लाकडी फळ्या ठोकल्या होत्या. ते गेल्यावर गाडी विकली. आईने कधी कुरकुर केली नाही. पण यंदा डोंगरावरच्या मावशीने अंथरूण धरलं आणि आई हळूच म्हणाली, "आम्ही दोघी त्या गाडीत मागे बसून गाणी म्हणायचो रे. एकदा तिला त्याच गाडीतून जाऊन भेटले असते."

झालं! कुकरची शिट्टी वाजली. "रविवारी त्याच गाडीतून नेतो. नाही नेलं तर बापाचं नाव लावणार नाही!"

गावभरच्या भंगारवाल्यांशी भांडून झाल्यावर गाडी सापडली, ती एका कोंबडीवाल्याच्या अंगणात. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी उबवत होत्या.

"लाज नाही वाटत? माझ्या बापाच्या गाडीचं खुराडं केलंत!"

"साहेब, तुमच्या बापाची गाडी चढावर तापते. कोंबड्यांना कुठे चढ चढायचाय?"

कुकर तिथेच दोन शिट्ट्या देऊन गाडी घेऊन आला. गॅरेजच्या मिस्त्रीने नवा रेडिएटर घातला, इंजिनाला नवा पंखा बसवला. मग स्टिअरिंगखाली कुकरला एक लाकडी खोकं दिसलं. आत हीटर!

"या उन्हात हीटर? कुठल्या गाढवाने बसवलाय? काढ आणि फेक!"

"अरे, तो..." आई म्हणाली.

"आई, तू मध्ये बोलू नकोस!"

रविवारी आई चार ओले टॉवेल आणि एक जड पिशवी घेऊन गाडीत बसली. "आपण पोहायला चाललोय का?" कुकर खेकसला. आईने पिशवी मांडीवर घेतली. शेजारी बायको, मागे आईबरोबर मिस्त्री. त्याला कुकरने जवळजवळ कॉलर धरूनच आणलं होतं.

अर्धा चढ होतो न होतो तोच तापमानाचा काटा लाल रेघेवर! बॉनेटमधून वाफेचे लोट. कुकरने टायरला लाथ मारली आणि अंगठा धरून एका पायावर नाचला.

"रेडिएटर घातलास की चाळणी?"

"अहो, ओरडू नका," बायको म्हणाली.

"मी ओरडत नाहीये!" समोरच्या डोंगराने तेच वाक्य त्याला परत ऐकवलं.

तेवढ्यात मावशीच्या सुनेचा फोन आला. मावशी सकाळपासून खिडकीत बसून होती, आडवी व्हायला तयार नव्हती. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून कुकरचा आवाज एकदम बसला.

"आता बोलू का मी?" आईने विचारलं आणि पिशवीतून ते खोकं काढलं! "तू फेकलंस, मी उचललं. तुझ्याच बाबांनी बसवलं होतं. इंजिनाचं गरम पाणी यातून फिरायचं आणि गाडी गार राहायची."

"मग ती धग जायची कुठे?"

"चालवणाऱ्याच्या पायांवर."

मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला. इंजिन निवल्यावर त्याने नळ्या जोडल्या, पाणी भरलं, हीटर पूर्ण सोडला. काटा जो खाली आला तो हलेना! मागे खिडक्या उघड्या टाकून आई गात होती. पुढे कुकर गळ्यात ओला टॉवेल घालून शिजत होता.

मावशीच्या दारात तो उतरला तो लालबुंद होऊन, बटणं उघडी, तोंडातून शब्द नाही.

"अगं बाई, हुबेहूब बाप!" खिडकीतून मावशी ओरडली.

एवढ्या उकाड्यातही कुकरची छाती फुगली. "राग कुणाचा आहे शेवटी!"

"राग?" आई बहिणीकडे धावता धावता थांबली. "त्यांनी जन्मात कधी आवाज चढवला नाही. उकडायचं रे त्यांना! आम्ही बाजूला व्हायचो ते त्यांना घरातल्या पंख्याचा वारा लागावा म्हणून."

बायकोने सावकाश मान वळवली. "मग हा राग कुणाचा?"

कुकरने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री आभाळाकडे बघत होता.

"जरा... पाणी मिळेल का?" कुकर अगदी हळू आवाजात म्हणाला.