दुसऱ्या मजल्यावरचे युद्ध

दुपारी दीड वाजता सरांनी दिवाणखान्याचे पडदे ओढले, दाराला कडी लावली, टीपॉय भिंतीला सरकवला आणि दोन्ही हातांत एकेक रिमोट घेऊन ते युद्धावर निघाले. सर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे सर. सकाळची बॅच बाराला संपे, संध्याकाळची सहाला सुरू होई आणि मधल्या वेळात सर गुडघ्यांना तेल लावून पडतात, अशी त्यांच्या बायकोची समजूत होती. ती बिचारी बँकेत. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा आपला गेमचा डबा टीव्हीखाली ठेवून गेली होती. महिन्यापूर्वी सरांनी त्यावरची धूळ पुसायला म्हणून तो हातात घेतला, आणि त्यानंतर त्यावर धूळ बसायची काही सोयच राहिली नाही.

हा खेळ नुसत्या बोटांनी खेळायचा नव्हता. बंदूक रोखायची तर हात खरोखर रोखावा लागे, बॉम्ब फेकायचा तर तो मागे नेऊन भिरकावावा लागे आणि गोळी चुकवायची तर चक्क खाली बसावे लागे. एरवी खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणणारे सर शत्रू दिसला की सोफ्यामागे असे काही दबा धरून बसत, की बायकोने पाहिले असते तर तेलाची बाटली खिडकीतून फेकून दिली असती.

त्या दिवशीची मोहीम जीपमधली होती. जीप चालवणार खेळातला एक सैनिक, आणि सरांनी शेजारी बसून गोळ्या झाडायच्या. इथेच घोटाळा झाला. बावीस वर्षे शिकाऊ लोकांच्या शेजारी बसलेला माणूस. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असे, आणि पायाला तो आता टीव्हीसमोरही हवा होता.

"अरे वळण आहे, वळण! आरशात बघ! दुसरा गिअर टाक, दुसरा!" सर ओरडले. सैनिकाने जीप सरळ खड्ड्यात घातली. सरांनी दाणकन ब्रेक दाबला. खाली ब्रेक नव्हता, फरशी होती. शत्रू राहिला बाजूला. पुढच्या दहा मिनिटांत त्या सैनिकाने चाळीस चुका केल्या आणि सरांनी चाळीस ब्रेक मारले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात पहिल्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी उभ्या होत्या.

"सर, हे चाललंय काय? माझा बटणांचा डबा पडला फळीवरून! पाचशे बटणं घरभर झालीत!"

सरांनी दोन्ही रिमोट एका हातात धरून पाठीमागे लपवले. खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. पण तोंड उघडायच्या आत त्यांचा दुसरा हात वर गेला आणि बोटाने छताकडे दाखवले.

"वरचे?"

"हं," सर म्हणाले.

"बघा तर! माझ्याकडे एवढं, तर तुमच्या डोक्यावर केवढं आदळत असेल! घामाघूम झालात अगदी." मावशी तणतणत खाली गेल्या.

वर नर्सबाई राहत, आठ वर्षांच्या मुलीबरोबर, भाड्याने. मुलगी शाळेतून आल्यावर दोरीवरच्या उड्या मारायची, म्हणून सरांनी दीड महिन्यापूर्वी सोसायटीकडे लेखी तक्रार केली होती. सेक्रेटरी म्हणाले होते, "एकट्याची तक्रार धरत नाही. दोन झाल्या तर करार वाढवू नका म्हणून मालकाला कळवू." दुसरी कोणी दिली नाही. तक्रार पडून राहिली आणि सरही तिला विसरले. युद्धाच्या धामधुमीत त्यांना दोरी ऐकू येईनाशी झाली होती.

पाच वाजता पार्किंगमध्ये सोसायटीची मिटिंग भरली. सेक्रेटरी निवृत्त पोस्टमास्तर; रजिस्टर उघडून बसले होते. मावशी उभ्या राहिल्या. "ती दुसरी तक्रार माझी लिहा."



"मावशी, अहो, रात्रपाळी करून आले, दुपारी झोपले होते मी," नर्सबाई मुलीला जवळ धरून म्हणाल्या. "ही शाळेत होती."

"मग काय भुतं नाचत होती? सरांनी स्वतः बोट करून दाखवलं. सर काय खोटं बोलतील?"

सगळे सरांकडे पाहू लागले. सर आपल्या चपलांकडे पाहत होते. तेवढ्यात मुलीने आईचा हात ओढून हळूच विचारले, "आई, आता परत शाळा बदलायची?"

सरांना वाटले, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे. घेतले नाही. "तो आवाज माझा होता," ते म्हणाले.

मग सेक्रेटरींनी चष्मा काढला. "याला म्हणतात माणुसकी!"

"माणुसकी कसली? खरंच माझा होता. मी युद्ध खेळत होतो."

"लेकराकडे बघून विरघळले हो!" मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "दुसऱ्यासाठी स्वतःवर आळ घ्यायला काळीज लागतं."

सरांची बायको नुकतीच बँकेतून येऊन उभी होती. "अहो, गुडघे वाकत नाहीत तुमचे. युद्ध कसलं खेळताय?"

"तुमच्या भावना समजल्या," सेक्रेटरी म्हणाले. "पण रजिस्टरमध्ये खोटी नोंद कशी करू? तक्रार लागू होते."

पेन कागदाला टेकले. सर ओरडले, "थांबा! सगळे वर चला. मावशी, तुम्ही मात्र तुमच्या घरात जाऊन ऐका."

अकरा माणसे दिवाणखान्यात दाटीने उभी राहिली. सरांनी रिमोट घेतले. आयुष्यात एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. पहिले दोन बॉम्ब त्यांनी माशी हाकलावी तसे फेकले. "यात काही आवाज नाही," सेक्रेटरी म्हणाले. मग सरांनी डोळे मिटून घेतले, नर्सबाईंच्या रिकाम्या घराला लागलेले कुलूप डोळ्यांसमोर आणले, आणि जीप सुरू केली. ते सोफ्यामागे लोळले, ओरडले, खाली बसले, उठले, आणि त्या नालायक सैनिकासाठी दाणदाण ब्रेक मारत सुटले. बायको भिंतीला टेकून तोंडावर हात धरून पाहत होती.

खालून मावशींचा आवाज आला. "हाच! हाच तो! अहो, पुन्हा पडली बटणं!"

सेक्रेटरींनी दोन्ही तक्रारींवर काट मारली. एकेक जण चपला घालून निघून गेला. सर जमिनीवरच बसून राहिले. मान वर करायची त्यांची हिंमत नव्हती. शेवटी दारात फक्त नर्सबाई उरल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "एक सांगू का? या आठवड्यात रात्रपाळी आहे माझी. ते युद्ध जरा चारनंतर ठेवाल? झोप होत नाही हो. महिनाभर सांगेन सांगेन म्हणत होते."

"महिनाभर?" सर कसेबसे म्हणाले. "तुम्हाला माहीत होतं? मग खाली सांगितलं का नाही?"

"एवढ्यासाठी मिटिंगमध्ये काय सांगायचं?" नर्सबाई म्हणाल्या, आणि मुलीला घेऊन आवाज न करता जिना चढून गेल्या.