मक्याचं साटंलोटं

परंड्याच्या बसस्थानकासमोर कणसं भाजणारी हलिमाबी गेनूमामांना लांबून पाहिलं तरी ओरडायची, "आलं बघा बोळक्याचं गिऱ्हाईक! मामा, भरल्या कणसानं काय घोडं मारलंय तुमचं?" लोक भरलेलं कणीस हुडकतात, मामा दाणे नसलेलं हुडकायचे. निरखून म्हणायचे, "हे पाण्यावाचून उपाशी राह्यलंय. आपल्या मक्याचं दुखणं न्यारं हाय."

आपला मका म्हणजे आमच्या कॉलेजमागच्या वाफ्यातला. मी तिथं वनस्पतिशास्त्र शिकवायचो, मामा प्रयोगशाळेतले शिपाई. शिक्षण सातवी. पण स्लाइडसाठी तुरा बाहेर पडण्याआधी नेमका कधी खुडायचा, हे मला अखेरपर्यंत जमलं नाही. मामा शेंड्याच्या पानांचा पोंगा दोन बोटांनी चाचपायचे आणि सांगायचे, "आज न्हाय. उद्या सकाळी."

त्या मक्याच्या दोन गुणसूत्रांनी आपापले तुकडे तोडून एकमेकांना दिले होते. झाड ठणठणीत, कणीस मात्र निम्मं रिकामं. असं का, हे मी तासभर फळ्यावर सांगायचो. पोरांचे चेहरे कोरेच. मग दारातून मामा म्हणायचे, "साटंलोटं झालंय, दुसरं काय! ह्या घरची लेक तिकडं, तिकडची इकडं. बीज धरायच्या वक्ताला जो तो आपलं माणूस धुंडतो, म्हणून चौघांना एका जागी यावंच लागतं."

सूक्ष्मदर्शकात खरंच ती दोन आणि त्यांच्या जोडीची दोन, अशी चार गुणसूत्रं फुलीसारखी एकत्र दिसायची.

"आन् सुटताना?" मामा पोरांना विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. "समोरासमोरचे एका बाजूला गेले तर दाणा. शेजारशेजारचे गेले तर खड्डा."

पोरं तेवढ्यावर पास होत.

मामांचं लग्नही साटंलोटंच. त्यांची बहीण काशी येरमाळ्याला दिली आणि तिच्या नवऱ्याची बहीण सरू मामांच्या घरी आली. दोन वर्षांत काशीचं नवऱ्याशी बिनसलं, ती माहेरी आली. मामांच्या आईनं दुसऱ्याच दिवशी सरूला परत धाडलं. पुढं काशी पुन्हा नांदायला गेली. सरूला मात्र कुणी आणलं नाही. इकडचे म्हणत, त्यांनी आणून सोडावी; तिकडचे म्हणत, न्यायला यावं.

"मामा, तुमच्या दोघांचं भांडण काय होतं?"

"आमचं? काईच न्हवतं."

"मग जा की आणायला."

"एवढा तुरा निघू द्या, सर."

तुरे निघत राहिले. मामा निवृत्तही झाले.

मग एका पावसाळ्यात सकाळीच हलिमाबीसमोर उभे राहून म्हणाले, "आज भरलेलं दे. एक दाणा कमी नको."

"तब्येत बरी हाय ना, मामा?" हलिमाबीनं विचारलं.

मामा बार्शीच्या बसमध्ये चढले. पुढं येरमाळ्याला दुसरी बस.

संध्याकाळी परतले ते थेट माझ्या घरी.

"ओट्यावर बसवलं, सर. चहा केला. म्हणली, आता ह्या गुडघ्यानं कुठं येऊ?"

मग त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं कणीस काढलं. एका बाजूचे दाणे ओळीनं सोलून खाल्लेले.

"निम्मं तिनं खाल्लं. निम्मं तुमी खावा, म्हणली."

"मग खा की, मामा."

"खातो की. एवढ्यात काय घाई हाय?"

मामांना जाऊन आता सहा महिने झाले. काशीबाईंनी ते कणीस मला आणून दिलं. वाळून टणक झालंय. मामांच्या बाजूचा एकही दाणा कमी झालेला नाही.