एगॉनरावांचा बिल्ला

या वर्षी सांगून टाकायचंच, असं एगॉनरावांनी ठरवलं ते दात घासताना. (माणसाचे शूर निर्णय बहुधा तोंडात फेस असतानाच होतात.) सांगायचं एवढंच होतं, की पुढच्या उन्हाळ्यात आम्ही इथे येणार नाही, आम्हाला समुद्र बघायचाय.

पंचवीस वर्षांपूर्वी टिरोलमधल्या या डोंगरातल्या खेड्यात, नॉटबुर्गाबाईंच्या छोट्याशा गेस्टहाउसमध्ये, पहिल्याच जेवणाला एगॉनरावांच्या तोंडून "वा, छान!" निघून गेलं होतं. वाडग्यात कलेजीच्या गोळ्यांचं सूप होतं आणि बाई समोर उभ्या राहून तोंडाकडे बघत होत्या. सभ्य माणूस दुसरं काय म्हणणार? तेव्हापासून एगॉनरावांनी गावात पाऊल ठेवायचा अवकाश, की कलेजीचं पातेलं चुलीवर चढायचं. "झोप मस्त लागली" असंही ते एकदा बोलून गेले होते. त्यामुळे पाय बाहेर लोंबणारी ती आखूड खाट आणि खिडकीखाली घंटा वाजवणारी गाय, दोन्ही त्यांच्यासाठी कायम राखून ठेवलेली.

निघायच्या सकाळी पुढच्या वर्षाची खोली सांगून जायची, अशी इथली रीत. म्हणजे बोलायचं तर आत्ताच. एगॉनराव खाली आले.

"नॉटबुर्गाबाई, एक बोलायचं होतं."

"मागून बोला. आधी कोट घाला आणि बाहेर या."

बाहेर अख्खा गाव जमला होता. टोपीत पिसं खोवलेला बँड, सरपंच आणि नवं कोरं बाक. पंचवीस वर्षं नेमाने येणाऱ्या पाहुण्याला इथे वाजतगाजत बिल्ला लावतात, हे एगॉनराव साफ विसरले होते. बाकावर त्यांचं नाव कोरलेलं होतं आणि ते उकिरड्याकडे तोंड करून ठेवलं होतं, कारण इथली हवा आपल्याला फार मानवते, असंही ते कधीतरी म्हणाले होते.

"एगॉनराव म्हणजे आपल्या गावाचे जावईच," सरपंच बिल्ला टोचत म्हणाले. (बिल्ला कोटातून आरपार गेला.) "दोन शब्द बोला."

"मी..." एगॉनराव म्हणाले. भाषण संपलं असं समजून बँड सुरू झाला. बँड थांबल्यावर ते पुन्हा "मी..." म्हणाले. बँड पुन्हा सुरू.

तिसऱ्यांदा त्यांनी श्वासच घेतला नाही. "आम्ही पुढच्या वर्षी येणार नाही, मला समुद्र आवडतो आणि कलेजी आवडत नाही."

मोठ्या तुतारीतून एक केविलवाणा सूर निसटला. नॉटबुर्गाबाई बाकावर बसल्या आणि त्यांनी पदरासारखा अॅप्रन तोंडाला लावला. एगॉनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, रडू नका हो."

"रडतेय कोण? सुटले एकदाची! गुडघे केव्हाच गेले माझे. बाकीचे पाहुणे कधीच बंद केलेत, फक्त तुमच्यासाठी दार उघडं ठेवलं. एवढ्या मायेनं येतो माणूस, त्याला नको कसं म्हणायचं? आणि ती कलेजी! आठवडाभर घरातला वास जात नाही."

"मला तर त्या घंटेपायी एक रात्र झोप नाही," पत्नी रोसविथाबाई म्हणाल्या. "यांना आवडतं म्हणून येत होते मी."

"अगं, मी तुझ्यासाठी येत होतो!"

बिल्ला आता परत घ्यायचा का, हे सरपंचांना कळेना. शेवटी त्यांनी बँडलाच वाजवायला सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात एगॉनराव डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या एका गेस्टहाउसमध्ये उतरले. खाट लांब, गाय नाही, समोर समुद्र. ते इतके सुखावले की पहिल्या दिवशी उगीचच हसत होते. दुसऱ्या दिवशी जेवायला बसले, तर स्वयंपाकघरातून अॅप्रन बांधलेल्या नॉटबुर्गाबाई बाहेर आल्या.

"तुम्ही समुद्र समुद्र केलंत, म्हटलं आपणही बघावा. पण रिकामं बसवेना. इथल्या मालकीणबाईंना म्हटलं, आजचं मी करते. घाबरू नका, कलेजी नाही. फुफ्फुसांचं कालवण आहे."

नॉटबुर्गाबाई आणि मालकीणबाई दोघी शेजारी उभ्या राहून त्यांच्या तोंडाकडे बघू लागल्या. एगॉनरावांनी घास गिळला.

"वा," ते म्हणाले, "छान!"

मालकीणबाईंनी लगेच कृती विचारून घेतली. रोज करणार आहेत.